घोडा का अडला?

*ताई, मी माथेरानचा. आमचे दोन घोडे आहेत, राजा आणि बिजली. आजोबांपासून हाच धंदा. मी कर्जतला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मदतीला येतो. मागच्या महिन्यात शार्लोट लेकच्या वाटेवर बिजली मध्येच थांबली. पाठीवर अंगानं भारी गिऱ्हाईक होतं. आबांनी आधी हाकारलं, लगाम ओढला, मग काठीचे तीन-चार फटके दिले. मागून येणाऱ्या एका बाईंनी ते मोबाईलवर घेतलं आणि टाकलं. आबांचा चेहरा स्वच्छ दिसतो. खाली लोकांनी जे लिहिलंय ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही, पण कुणीतरी दाखवलंच. तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. म्हणतात, "घोड्याला मारायचं नाही तर काय पाया पडायचं? रेसकोर्सवर कोट घातलेल्यांसमोर मारतात ते चालतं. तुला लहानपणी मारलं, तू बिघडलास का?" मला उत्तर देता आलं नाही. मारलंय मीसुद्धा, पुष्कळदा. पण तो व्हिडिओ बघितल्यापासून माझ्या हातात काठी धरवत नाही. माझे वडील क्रूर आहेत का? काठीशिवाय हा धंदा होतो का? आणि तो व्हिडिओ काढायला लावू का? नाव छापू नका.*

तुला अरे-तुरेच करते, माझ्या धाकट्या मुलाहून तू लहान आहेस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. बिजली का थांबली होती? बाईंनी व्हिडिओ काढला, लोकांनी शिव्या घातल्या, आबांनी जेवण टाकलं, तुझ्या हातात काठी धरवत नाही, हे सगळं तू लिहिलंस. ज्या गोष्टीपासून सारं सुरू झालं ती मात्र पत्रात नाही. तुला दोष देत नाही. काठी उगारली गेली की तो प्रश्न सगळ्यांच्याच मनातून पुसला जातो. मारणारा, बघणारा, व्हिडिओ काढणारी, खाली लिहिणारे, सगळे फटक्याबद्दल बोलतात. घोडी का थांबली हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे एक जुना उखाणा आहे, तुझ्या आजीनंही घातला असेल: भाकरी का करपली, घोडा का अडला, विद्या का विसरली? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. तो रचणाऱ्याला घोडा कळत होता, असं मला नेहमी वाटतं. घोडा अडला तर काहीतरी करायचं राहून गेलंय, आणि ते राहिलंय माणसाकडून.

मी पशुवैद्य म्हणून तीस वर्षं काम केलं. त्यातली बरीचशी वर्षं टांग्याच्या, ओझ्याच्या, लग्नाच्या आणि सवारीच्या घोड्यांत गेली. सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगते. एका गावी लग्नाच्या वरातीची एक पांढरी घोडी होती. मालकानं बोलावलं, म्हणाला, हिला खोड लागलीय, चार पावलं टाकते आणि उभी राहते, इंजेक्शन देऊन बघा. मी वरवर तपासलं. ताप नाही, खाणं ठीक, जखम दिसत नाही. माझ्यासमोर त्यानं तिला चालवायचा प्रयत्न केला, ती थांबली, त्यानं चाबूक ओढला. मी हातात दोर धरून उभी होते. गप्प राहिले. इतकंच नाही, मीच म्हणाले की अंगानं ठीक दिसते, सवय असेल. चार दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा ती पुढचा उजवा पाय टेकत नव्हती. खूर उघडला तर आतून काळा पू वाहिला. नाल ठोकताना एक खिळा खुराच्या जिवंत भागात गेला होता. ते चार दिवस ती प्रत्येक पावलाला सांगत होती, आणि त्या प्रत्येक सांगण्याला आम्ही चाबकानं उत्तर देत होतो. त्या दिवशी मी चिमट्यानं एकेक खिळा दाबून पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. ती वाचली. मला मात्र अजूनही कुणी म्हणालं की "घोडा नाटकं करतोय", की तिचा तो पाय डोळ्यांसमोर येतो.

घोडा हे शिकार होणारं जनावर. लाखो वर्षं त्याचा जीव दुखणं लपवण्यावर टिकला, कारण कळपात लंगडणारा आधी खाल्ला जातो. कुत्रा केकाटतो, बैल हंबरतो, घोडा फटका बसला तरी बहुधा आवाज करत नाही. कान मागे पडतात, नाकपुडी ताठ होते, डोळ्यावर सुरकुती येते, शेपटी आपटते. एवढीच त्याची भाषा. म्हणून "ओरडला का? मग लागलं नाही" हा हिशेब घोड्याच्या बाबतीत पार चुकतो. बिजलीचे कान त्या व्हिडिओत मागे होते का ते बघ. फटका बसायच्या आधीपासून मागे होते का, हे तर नक्की बघ.

आता शार्लोट लेकच्या वाटेवर ती का थांबली असेल ते बोलू. मी तिथं नव्हते, पण कुठं शोधायचं ते सांगू शकते.

पहिलं वजन. तू कॉमर्सचा आहेस, हा हिशेब तुला जमेल. एक शिंप्याची टेप घे. पुढच्या पायांच्या मागून, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा बसतो तिथून, बिजलीच्या छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोज. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोज. घेराला घेरानं गुण, त्याला लांबीनं गुण, आणि ११,८८० नं भाग. जे येईल ते तिचं अंदाजे वजन, किलोत. समज घेर १५० आला आणि लांबी १४५, तर ती साधारण २७५ किलोची. घोड्यानं आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा पाठीवर न्यावा, फार तर त्याच्या थोडं वर, असं जगभरचे घोड्याचे वैद्य मानतात. त्याच्या पुढे ओझं गेलं की नाडी चढते, स्नायू आखडतात, आणि दुसऱ्या दिवशी पाठ दुखते. २७५ चा पाचवा हिस्सा ५५ किलो. त्यात खोगीरही आलं. त्या दिवशीचं गिऱ्हाईक किती किलोचं होतं? आपल्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतही ओझ्याच्या तट्टूला जास्तीत जास्त ७० किलो घातलेत. पाठीवर नव्वद किलो घेऊन चढावर थांबलेल्या घोडीला अडेल म्हणणं हा खोटा आरोप आहे.

दुसरं, डोळा. हे आबांना विचार, त्यांनी चाळीस वर्षं पाहिलेलं असेल, कारण ठाऊक नसेल एवढंच. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा तुकडा आणि शेपटीच्या थेट मागचा भाग दिसत नाही. उन्हातून गर्द सावलीत शिरलं की त्याच्या डोळ्याला जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. माथेरानची वाट आठव: दहा पावलं कडक ऊन, मग जांभळीची काळी सावली, पुन्हा ऊन. माणूस सहज चालत जातो. घोड्याला त्या सावलीच्या जागी क्षणभर खड्डाच दिसतो. तो थांबतो आणि मान खाली घालून बघतो. त्याला दोन श्वास द्यायचे असतात, बस्स. त्या क्षणी, आणि तेही न दिसणाऱ्या मागच्या बाजूनं, काठी बसली तर तो काय शिकेल? सावलीत दुखतं, एवढंच. उद्या त्याच जागी तो आधीच बिचकेल, आणि परवा कडेला उडी मारेल. पाठीवर आठ वर्षांचं पोर असलं तर मग?

हे नीट समजून घे, कारण सगळा प्रश्न इथंच आहे. घोडा फटक्याची सांगड घालतो ती त्या घटकेला त्याच्या समोर जे असतं त्याच्याशी. मनात जे असतं त्याच्याशी नाही. पाच सेकंद उशिरा मारलेल्या फटक्याचा "तू थांबलास म्हणून" असा अर्थ त्याला लागूच शकत नाही. घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. पोटऱ्या हलक्या दाबल्या, तो पुढे सरकला, त्याच क्षणी पोटऱ्या सैल झाल्या, की त्याला कळतं, हे बरोबर. सगळी घोडेस्वारी या सैल होण्यावर उभी आहे. चांगला स्वार हातात छडी घेतोही, पण पायाची लांबी वाढवावी तशी, टेकवण्यापुरती. टेकवणं आणि मारणं एकच आहे असं मी म्हणत नाही. पण सवारीवर आबा घोडीच्या बाजूनं किंवा मागून धावत असतात, त्यांच्या हातातल्या काठीला टेकवायला सवड नसते. ती पडतेच, आणि जेव्हा पडते तेव्हा सुटका कुठली हे घोडीला कळत नाही. पळाली तरी पडते, थांबली तरी पडते. असं जनावर हळूहळू आतून बंद होतं. लोक त्याला गरीब घोडा म्हणतात. माझ्या लेखी तो हरलेला घोडा असतो.

रेसकोर्सचं आबांचं म्हणणं मी टाकून देणार नाही, कारण त्यात खरा राग आहे. श्रीमंतांच्या घोड्याला टाळ्यांच्या गजरात चाबूक बसतो आणि गरीब घोडेवाल्याचा चेहरा मोबाईलवर फिरतो, हा अन्याय आहेच. पण रेसकोर्सवर बरोबर चाललंय, असा त्याचा अर्थ होत नाही. नॉर्वेनं शर्यतीतला चाबूक १९८२ मध्येच बंद केला. इंग्लंडमध्ये २०२३ पासून सपाट, म्हणजे बिनअडथळ्यांच्या, शर्यतीत सहापेक्षा जास्त वेळा चाबूक वापरला तर जॉकीला शिक्षा होते, आणि मर्यादा फार ओलांडली तर घोडाच शर्यतीतून बाद ठरतो. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये शर्यतींचा दोनशे-दोनशे मीटरचा हिशेब मांडला. घोडे सगळ्यात वेगात होते ते चाबूक सुरू व्हायच्या आधी. चाबूक बसत होता तो शेवटी, घोडा थकून मंद व्हायला लागल्यावर, आणि त्यानं वेग वाढत नव्हता. इंग्लंडमधल्या चाबूकवाल्या आणि बिनचाबकाच्या शर्यती २०२० मध्ये ताडून पाहिल्या, तर वेळेत फरक निघाला नाही. घोड्याचं कातडं जाड, त्याला लागत नाही, हेही आपण पिढ्यान्पिढ्या ऐकतो. त्याच वर्षी सिडनीतच माणसाची आणि घोड्याची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिली. ज्या वरच्या थरात वेदना कळते, तो घोड्यात जाड नव्हता आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकंही माणसापेक्षा कमी नव्हती. खरं तर याला सूक्ष्मदर्शक कशाला? पाठीवर माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच जागा थरथरवून तिला उडवतो. हे आबा रोज बघतात. ज्या कातड्याला माशीचे पाय कळतात, त्याला काठी कळत नाही?

"तुला लहानपणी मारलं, तू बिघडलास का?" याचं उत्तर तुला देता आलं नाही, यात मला तुझा चांगुलपणा दिसतो. बापाला ते उत्तर तोंडावर देणं सोपं नसतं. तरी मी देते. तुला मारलं तेव्हा तू रडलास. आई मध्ये पडली असेल. रात्री आबांनी तुझ्या पानात जास्तीचा तुकडा वाढला असेल, आणि तुला कळलं असेल की या माणसाचा राग गेला. का मारलं ते तुला शब्दांत सांगितलं गेलं. तू मोठा झालास, आणि ज्या दिवशी तुझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला त्या दिवशी मारणं थांबलं. बिजलीला यातलं काहीच नाही. तिला कारण सांगता येत नाही, ती आईकडे पळू शकत नाही, आणि ती मोठी होऊन हात धरणार नाही. शिवाय, तू बिघडला नाहीस तो माराने की माराखेरीज जे मिळालं त्यानं, हे आबांना एकदा शांतपणे विचार. तू कर्जतपर्यंत शिकलास तो काठीच्या भीतीनं नाही. आबांनी पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांतही तुझी फी भरली असेल, म्हणून शिकलास.

आबा क्रूर आहेत का? माझ्या मते क्रूर तो, ज्याला दुसऱ्याचं दुखणं कळतं आणि तरी चालतं. जेवण टाकलेल्या माणसाला मी त्यात बसवणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी जे केलं ते चूक होतं, हेही मी सौम्य करणार नाही. तू केलंस तेही चूक, आणि मी दोर धरून उभी राहिले तीही चूक. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात. पहाटे उठून खरारा करणारा, स्वतःआधी घोड्याला चंदी घालणारा माणूस दुपारी तिसऱ्या फेरीला घाईत, अपमानात, पाठीवरच्या गिऱ्हाइकाच्या "भैया, थोडा भगाओ ना" या तगाद्यात हात उचलतो. तो फटका बहुतेक वेळा घोड्यासाठी नसतोच. गिऱ्हाइकाला, महागाईला, पुढच्या महिन्याच्या हप्त्याला जे म्हणता येत नाही ते घोड्याच्या पाठीवर उतरतं. म्हणूनच तर ते अन्यायाचं आहे. सगळ्यांत त्याच एकाला उलट बोलता येत नाही.

आणि घोडा विसरत नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०१८ च्या एका प्रयोगात घोड्यांना सकाळी माणसाचा फक्त फोटो दाखवला, कुणाला रागावलेल्या चेहऱ्याचा, कुणाला हसऱ्या. दुपारी तोच माणूस साध्या चेहऱ्यानं समोर आला, तर रागीट फोटो पाहिलेल्या घोड्यांनी त्याला धोक्यासारखं जोखलं. हा नुसत्या फोटोचा परिणाम. आबांचा चेहरा बिजली रोज बघते.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण गावात कुणी ना कुणी घाबरवायला येईल. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला मारणं, त्याच्यावर ताकदीबाहेर स्वारी करणं आणि जखमी किंवा आजारी जनावराला कामाला लावणं हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज चहा-वड्याचे पैसे. १९६५ च्या नियमांत खिळ्याची काठी आणि अणकुचीदार लगाम यांना बंदी आहे, ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि पारा ३७ च्या वर गेला तर बारा ते तीन सुट्टी. पन्नास रुपयांच्या भीतीनं कुणी सुधारत नाही, मी तुला भीती घालतही नाही. पण मुंबईच्या व्हिक्टोरिया आठव. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं हौसेची घोडागाडी बेकायदा ठरवली, आणि पिढ्यान्पिढ्यांचे गाडीवाले उघड्यावर आले. तुमच्याच माथेरानात डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा आली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं माणसानं ओढायच्या रिक्षा बंद करायला सांगितल्या. आता लोकांची नजर घोड्यावर येणार. चारशेहून जास्त घोडे आणि त्यामागची घरं, हा सगळा धंदा उद्या घोड्यांच्या पाठींकडे बघून तोलला जाईल. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर नालाचा पाय घसरतो हे घोडेवाल्यांचं गाऱ्हाणं न्यायालयापर्यंत गेलं. ते मला पूर्ण पटतं, लाल मातीवर खूर रुततो आणि दगडावर सरकतो. पण घोड्याच्या पायाची काळजी सांगणाऱ्याच्या हातात काठी दिसली की त्याचं खरं म्हणणंही खोटं वाटायला लागतं.

आता काठीशिवाय कसं. एकदम दोन्ही घोड्यांवर नको, आणि गर्दीच्या दिवशीही नको. कॉलेजच्या सुट्टीत मंगळवार-बुधवारसारखे रिकामे दिवस घे, एकटी बिजली घे, पाठीवर कुणी नको. म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) आणि सैल दोर. तू तिच्या खांद्याशी उभा राहा, मागे नाही. जिभेनं चटचट आवाज कर, दोराला हलका ताण दे, आणि तिनं अर्धं पाऊल टाकताक्षणी ताण सोड आणि मानेवर हात फिरव. मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढे, खाजवलं की घोड्याची नाडी उतरते, घोडे एकमेकांना तिथंच चावून खाजवतात. वीस मिनिटं, रोज, दोन आठवडे. आधी आवाज, मग ताण, हा क्रम बदलायचा नाही. पुढे ताण लागणारच नाही, आवाजावर चालेल. थांबायचं शिकवताना तसंच. मी टांग्याचे घोडे असे फिरलेले पाहिलेत, आणि त्यांच्या मालकांचे हातही. एक सांगते, पहिल्या आठवड्यात ती जास्त थांबेल. ज्याला बोललं की मार बसतो त्याला पहिल्यांदा बोलू दिलं की तो खूप बोलतो. तिथं हरू नकोस.

प्रत्येक फेरीनंतर नाडी घे. जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, बोटाखाली दोरीसारखी धमनी सरकते. पंधरा सेकंद मोज, चारनं गुण. विसाव्यात असलेल्या घोड्याची नाडी २८ ते ४० च्या आसपास असते. फेरीनंतर दहा मिनिटं सावलीत उभं करूनही ती साठाच्या वर असेल तर पुढची फेरी नाही, गिऱ्हाईक कितीही देवो. वहीत लिही: तारीख, वेळ, कुठला पॉइंट, गिऱ्हाईक अंदाजे किती किलो, नाडी किती. महिन्यानं ती वही आबांपुढे ठेव. त्यांना माझा शब्द पटणार नाही, पटावा तरी का, मी कधी त्यांच्या वाटेवर घोडा घेऊन चालले नाही. पण बिजलीनं लिहिलेला हिशेब ते वाचतील.

भारी गिऱ्हाइकाचं अवघड आहे, मला माहीत आहे. दस्तुरीवर, गाड्या थांबतात तिथं, उभं राहून आलेल्याला नाही म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर पाठवणं. राजा मोठा असेल तर मोठी माणसं त्याच्यावर, पोरं बिजलीवर, आणि चढाला गिऱ्हाइकाला उतरून चालायला सांगायचं. "साहेब, इथं घोड्याला दम लागतो, दहा पावलं चला" असं सांगितलेलं बहुतेक माणसं ऐकतात. पळवायला सांगणाऱ्यालाही तसंच सांग. आणि राजाच्याही पाचव्या हिश्शात न बसणाऱ्याला नाही म्हणायचं. त्यात पैसे बुडतील. मी खोटं सांगत नाही, बुडतील. त्यावर माझ्याकडे गोड तोडगा नाही. एवढंच म्हणते की आज ती तूट बिजली भरतेय, तिच्या पाठीतून.

हे वाचणाऱ्या, सुट्टीत माथेरान-महाबळेश्वरला जाणाऱ्या तुम्हा सगळ्यांनाही सांगते. घोडेवाल्याचा व्हिडिओ काढण्याआधी आपलं वजन आठवा, आणि "जरा पळवा ना" आपण म्हटलं होतं का तेही आठवा. फटक्यातला निम्मा हात बसणाऱ्याचा असतो.

आबांशी बोलताना हा लेख त्यांच्यासमोर धरू नकोस. चारचौघांत नको, आणि जेवतानाही नको. घोड्यांचं सामान उतरवताना, दोघं शेजारी काम करत असताना बोल, नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा. सुरुवात "तुम्ही मारलंत" इथून करू नकोस. "आबा, बिजली त्या दिवशी का थांबली असेल?" एवढंच विचार आणि गप्प राहा. चाळीस वर्षांचा घोडेवाला आहे तो. त्याला माझ्याहून जास्त कारणं सुचतील, आणि एकदा कारण शोधायला लागला की तो काठी शोधणार नाही. "मीही मारलंय" हे तू मला लिहिलंस, ते त्यांनाही सांग. बाप एकटा आरोपी असला की आपली बाजू लढवतो. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला तर कदाचित खाली बसेल.

व्हिडिओबद्दल: त्या बाईंना शांतपणे लिही की वडिलांचा चेहरा झाका. ते मागायचा तुला हक्क आहे, आणि त्या चांगल्या असतील तर ऐकतील. चेहरा उघडा टाकून गरिबाला जमावासमोर उभं करणं मला मान्य नाही. पण "असं घडलंच नाही" असं लिहू नकोस, आणि खाली लिहिणाऱ्यांशी भांडू नकोस. जमलं तर त्यांना कळव की त्यानंतर तुम्ही काय करताय.

मात्र हे सगळं नंतर. येत्या शनिवारी पहाटे, खोगीर चढवायच्या आधी, बिजलीला उजेडात उभी कर. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापासून शेपटीपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, तीन बोटं हळू दाबत ने. ती कुठं पाठ खाली घालते, कुठं कान मागे टाकते, कुठं वळून तुझ्याकडे बघते, ते बघ. खोगिराच्या जागी पांढरे केसांचे ठिपके उगवलेत का पाहा, तिथं पूर्वी जखम होऊन गेलेली असते. तंग कसताना ती चावायला येते का? मग चारही खूर उचल, हात लावून कुठला गरम लागतो ते बघ, आणि गरम लागला तर नालबंदाला त्याच दिवशी बोलाव, फेरी करून आल्यावर नाही. जे आढळेल ते मला लिहून पाठव. पत्र दुसऱ्यांदा लिहिताना बिजली का थांबली होती, तेवढं पहिल्या ओळीत लिही.